खिडकीची जागा

मुलांनो, अख्खं गाव मावेल एवढा खड्डा डोळ्यांपुढे आणा. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तांब्याच्या खाणीने असं एक गाव गिळलं होतं. काठावरच्या दुर्बिणीपाशी रांग होती. रांगेतल्या युलालिया नावाच्या एका अनोळखी बाईच्या पुढे म्हातारे रेफुहियो, त्यांचा मुलगा हिल्बेर्तो आणि छोटी नात मारिसेला उभे होते. युलालियाला त्यांचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

“बाबा, दोन दिवस गाडी हाकली ती या खड्ड्यासाठी?”

“खड्डा काय म्हणतोस? आपली गल्ली आहे ती.”

“होती! आणि खणायला तुम्हीच होतात.”

“होतो रे. खणत खणत घरापर्यंत येऊ, असं नव्हतं वाटलं.”

“बरं, आजीची, तुमच्या आईची, कबर कुठे आहे? तिच्यासाठीच आलो ना आपण?”

“हलवली म्हणतात. कुठे, ते सांगायला कोणी उरलं नाही.”

“म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं? चला आता, ऊन चढतंय.”

“आजोबा, तुमचं घर कुठे होतं?”

“ते गिधाड फिरतंय ना, त्याच्या जरा खाली, आता रिकामी हवा आहे तिथे, आमची खिडकी होती. आई तिथूनच हाक मारायची.”

“आता तिथे कोण आहे?”

“कोणी नाही, पोरी. नुसती धूळ.”

मारिसेलाने कठड्याच्या गजांतून हात बाहेर काढला आणि गिधाडाच्या जरा खाली बघत तो हलवला.