पेटीची मागची बाजू

(आयर्लंडमधलं किलकेनी. लिलावघराची मागची खोली. उर्मिला आणि तिची सतरा वर्षांची मुलगी क्षितिजा.)

क्षितिजा: ...शाळा सोडली म्हणजे तुझ्या ऑफिसात कोंडून घ्यायचं, असं कुठं ठरलं होतं?

उर्मिला: घरी ठेवली की दारं आपटत बसतेस. कॅमेरा धर. जुनी जपानी पेटी आहे, समोरचं चिन्ह नीट येऊ दे.

क्षितिजा: छप्पर, खाली फूल. कुणाचं हे?

उर्मिला: एका सरदार घराण्याचं. पेटी त्यांच्या घरातली, असं साइटवर जाणारे.

क्षितिजा: आई, मी ही एका हातानं उचलली.

उर्मिला: खाली ठेव.

क्षितिजा: मागं तर रंगच नाही. नुसतं कोरं लाकूड. सरदार काय अर्धीच पेटी रंगवायचे?

उर्मिला: क्षिती.

क्षितिजा: डंडॉकला गणपतीत तुमच्या नाटकात सिंहासन होतं बघ. पुढून सोनं, मागून टीव्हीचा खोका. सेम. स्टेजवर कोण आलंय ते लोकांना कळावं म्हणून काढलंय हे चिन्ह. पेटी नाटकवाल्यांची, सरदाराच्या बापानंही बघितली नसेल.

उर्मिला: माहितीये.

क्षितिजा: काय?

उर्मिला: पेटी आली त्याच दिवशी कळलं. मालकाला, ब्रेंडनला सांगितलं. म्हणाला, चिन्ह सरदाराचंच आहे ना, मग ग्रँड, चालतंय. सरदाराच्या नावानं जास्त बोली लागते.

क्षितिजा: मग नको ना लिहूस. माहितीखाली तुझं नाव येतं, त्या ब्रेंडनचं नाही.

उर्मिला: माझं परमिट ह्याच नोकरीवर आहे. पुढच्या महिन्यात रिन्यू करायचंय. नाही झालं तर तुझीपण बॅग भरायची.

क्षितिजा: म्हणजे मी शाळेत खोटं सॉरी म्हटलं नाही तर उद्धट. आणि तू...

उर्मिला: आणि मी? बोल की. एरवी तोंड थांबत नाही.

क्षितिजा: प्रिन्सिपलसमोर तू गप्प बसलेलीस. मला वाटलं, माझी लाज वाटली तुला.

उर्मिला: लाज नाही गं, भीती.

क्षितिजा: हं. आत्ता कळलं.

उर्मिला: आटप. ब्रेंडन कॉफी घेऊन येईपर्यंत फोटो चढवायचेत. एकदा लोकांनी बघितले की काढता येत नाहीत.

क्षितिजा: पुढचे झाले.

उर्मिला: फिरव तिला.

क्षितिजा: ...मागून घेऊ?

उर्मिला: घे. दिवा जवळ आण, लाकूड दिसू दे.

क्षितिजा: आणि खाली नाव?

उर्मिला: माझंच.