परीला कबूल केलेला नारळ

हसू नका, पण आमच्या घरी एका परीचा नवस फिटलाय. पुतणी सुमा मैत्रिणींबरोबर फोनवर गोष्टीतली पात्रं होण्याचा खेळ खेळते, त्यात ती चेटकीण. बळ देणारी पाठराखीण म्हणून तिनं चंद्रावरची परी निवडली, नाहीतर तिची चेटकीण पुढच्या लढाईत मरणार होती. खेळ चालवणारी मैत्रीण स्पीकरवरून परीच्या सुरात म्हणाली, "पाठीशी राहीन, पण तुझा आवाज दे."

सुमा रडकुंडीला आली. भाकरी थापणाऱ्या माझ्या बायकोनं तिथूनच गाऱ्हाणं घातलं, "परीबाई, आवाज दिल्यावर पोर मंतर कशानं म्हणंल? पुनवेला नारळ देईन, तिला सांभाळ."

परी हसत कबूल झाली.

पुनवेला सुमा विसरली. बायकोनं मात्र चंद्र उगवताच अंगणात नारळ फोडला.

"अगं, परी खेळातली!" मी म्हणालो.

"असंल. कबूल मी केलंय. मी काय खेळातली हाय?"