खातं दोघांचं

चष्मेवाला : लवकर सांगा हो मॅडम, दुकानाला कुलूप घालून बँकेत आलोय. माझे पैसे परत का पाठवलेत?

खिडकीवरची : निवृत्तीच्या या खात्यात पैसे भरायला तुम्ही पात्र नाही म्हणून. लग्न झालंय, एका घरात राहता आणि कराचं रिटर्न बायकोपासून वेगळं भरलंय. या देशात अशांना यात पैसे नाही भरता येत.

चष्मेवाला : हिला कमाईच नाही. हिला रिटर्नमध्ये कुठे घुसवू?

बायको : कमाई नाही? काचा कोण घासतं?

चष्मेवाला : अगं, ती मदत झाली.

बायको : काच बसवताना अंगठा कापला, तेव्हा रक्त काय मदतीचं आलं होतं?

खिडकीवरची : ताई, थांबा. कमाई नसली तरी चालतं. दोघांनी रिटर्न एकत्र भरलं, तर नवऱ्याच्या कमाईवर बायकोलाही पैसे भरता येतात. तिच्या स्वतःच्या खात्यात.

चष्मेवाला : आहे की खातं! दोघांचं एकत्र. मीच उघडलंय.

खिडकीवरची : हे खातं दोघांचं नसतंच, काका. रिटर्न एकत्र आणि खाती ज्याची त्याची. तुम्ही नेमकं उलटं केलंत.

बायको : मग यात माझं काय आहे?

खिडकीवरची : तुमच्या नावावर? काहीच नाही.

बायको : आणि हे मला इतकी वर्षं सांगतायत, आपलं म्हातारपण बँकेत आहे म्हणून!

चष्मेवाला : मला तसंच वाटलं! आईशप्पथ. मी काय वकील आहे?

बायको : रिटर्न का वेगळं भरलंत ते सांगा.

चष्मेवाला : एकत्र भरलं की तुझी सही लागते. सही मागितली की तू आकडे विचारणार. नसता डोक्याला ताप.

बायको : ऐकलंत मॅडम? मी ताप.

खिडकीवरची : अजून मुदत आहे. दोघांच्या सह्यांनी रिटर्न बदलून भरा. यांचे पैसेही घेऊ आणि तुमचं खातंही उघडू.

चष्मेवाला : हां, मग झालं तर. कर गं सही. चल, तिकडे गिऱ्हाईक शिव्या घालत असेल.

बायको : घालू दे. मी आधी वाचणार.

चष्मेवाला : इथे? चारचौघांत? माझ्यावर विश्वास नाही तुझा?

बायको : होता ना. म्हणून तर खातं नाही. मॅडम, यांची कमाई कुठल्या पानावर असते?

खिडकीवरची : पहिल्याच.