टाकीतलं पेट्रोल

तुम्हाला सांगतो, आमचे बाबा फोनवर बोलतच नाहीत. "बरा आहेस ना? थांब, आईला देतो." संपलं! पण गेल्या वर्षी इथे परदेशात, रायस्वाइकला बर्फ पडला आणि माझं बर्फ काढायचं पेट्रोलचं मशीन सुरूच होईना. साताऱ्यात आयुष्यभर गॅरेज चालवलेलं बाबांनी; व्हिडिओ कॉलवरून तासभर हलले नाहीत. "चोक ओढ. प्लग काढून पूस. अरे, जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटलंय! हिवाळा संपला की टाकी रिकामी करायची."

मी मुद्दाम केली नाही. यंदा बर्फ पडला, मशीन पुन्हा अडलं. लगेच बाबांना फोन लावला.

"टाकी रिकामी केली नव्हतीस?"

"विसरलो, बाबा."

बाबा हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षीपण विसर."