आधी वॉकर

(श्रीवर्धनजवळच्या वाडीतलं घर. दुपारचे दोन. दाराशी रिक्षा उभी आहे.)

नीराबाई : परत आलीस? आज कुनाला हार घालायचाय?

अलिना : आजी, आज त्या रविवारसारखं ड्रिल नाहीये. आज खरं आहे. संध्याकाळपर्यंत वादळ किनाऱ्याला लागणार. सगळी वाडी शाळेत गेली, तुम्ही एकट्याच राहिल्यात.

नीराबाई : राहिले न्हाय. बसलेय. हे माझं घर हाय.

अलिना : तलाठ्यांनी हलवायच्या लोकांची यादी वाचली, त्यात तुमचं नाव होतं. मीच म्हटलं, मी आणते त्यांना. कॉलेजातून आम्ही आठ जण आलोय मदतीला.

नीराबाई : आठ! त्या रविवारी तर पंचवीस व्हतात. पांढरे कोट घालून, गळ्यात कार्डं. बगळ्यांचा थवाच उतरला व्हता दारात.

तबरेज : (बाहेरून) अलिना, चल ना यार! रिक्षावाला भडकलाय. सरांचे दोन मिसकॉल येऊन गेले.

नीराबाई : हा कोन?

अलिना : तबरेज. माझ्याच वर्गातला. पनवेलचा.

नीराबाई : हां, ओळखला. मला उचलताना ‘आजी, स्माइल’ म्हनालेला.

अलिना : आजी, गणराजदादांचा फोन आला होता मला. रोह्याला कंपनीत अडकलेत, एसटी बंद झाल्यात. ते म्हणाले, आईला कसंही करून बाहेर काढ.

नीराबाई : त्याला काय म्हाईत. त्या रविवारचं मी सांगितलंच न्हाय त्याला.

अलिना : काय नाही सांगितलं?

नीराबाई : तू सांग आधी. त्या दिवशी मला किती मिनिटांत शाळेत नेलंत?

अलिना : सात.

नीराबाई : सात. घड्याळ लावलं व्हतं तुमच्या सरांनी. चार हातांची खुर्ची केलीत, मला उचललंत, शाळेत बाकावर ठेवलंत. टाळ्या. पाव्हन्यांनी नारळ दिला, पान्याची बाटली दिली, फोटो काढले. मग?

अलिना : मग ड्रिल संपलं.

नीराबाई : तुमचं संपलं. माझं?

तबरेज : (आत येत) आजी, प्लीज. हे सब बाद में डिस्कस करू ना. हवा बघा कशी सुटलीय.

नीराबाई : हवा मला दाखवतोस? निसर्ग वादळाच्या टायमाला ह्या घराचे पत्रे माझ्या डोळ्यांदेखत उडाले. वाडीतल्या दीडशे सुपाऱ्या आडव्या झाल्या, तवा तू पनवेलला मोबाइलवर बघत असशील. बस तिथं. अलिनाला बोलू दे.

अलिना : आम्ही बसमध्ये बसलो, आजी.

नीराबाई : आनि मी बाकावर. आनि माझा वॉकर इथं, ह्या कोपऱ्यात. फोन चार्जिंगला. रविवार, शाळेत चिटपाखरू न्हाय. साडेदहापासून पाचपर्यंत बसले मी. हिरामण शिपाई कुलूप लावायला आला म्हनून सापडले.

तबरेज : शिट. कोणीच आलं नाही?

नीराबाई : पंचवीस जन येऊन गेले व्हते ना.

अलिना : मला वाटलं, शेजारचं कुणीतरी नेईल.

नीराबाई : ती बाटली दिलीत ना, त्याच्यातलं पानी मी प्यायले. ऊन व्हतं. तीच चूक झाली माझी. मोरी वीस पावलांवर, नि मला उठता येईना. आठ महिने तू दर मंगळवारी येऊन शिकवलंस, म्हनालीस, आजी, आता मोरीला जायला कुनाची गरज न्हाय. मी सगळ्या वाडीला सांगितलं व्हतं ते. आनि त्या बाकावर, बाहत्तराव्या वर्षी, लुगडं ओलं करून बसले मी. गणराज चौथीपर्यंत त्याच शाळेत व्हता. हिरामण तोंड फिरवून उभा राहिला. लाज वाटली मला. मरावंसं वाटलं.

अलिना : आजी...

नीराबाई : रडू नको. तुझ्या रडन्यानं काय सुकत न्हाय. ते तुमचं पेपरवालं काय व्हतं? आदल्या मंगळवारी मला वाचून दाखवत व्हतीस.

अलिना : प्रश्नावली. फिजिओथेरपीचे विद्यार्थी आपत्तीसाठी किती तयार आहेत, त्याची.

नीराबाई : किती मार्क पडले तुला?

अलिना : वीसपैकी एकोणीस.

नीराबाई : चुकलं कुठलं?

अलिना : कंट्रोल रूमचा नंबर.

नीराबाई : म्हंजे म्हातारीला कसं न्यायचं, त्याचं मार्क मिळालं तुला.

तबरेज : आजी, तिला इतकं नका बोलू. वर्गात टॉपर आहे ती.

नीराबाई : टॉपर! म्हातारीला उचलायची म्हंजे पाठ सरळ, गुडघे वाकवायचे, सगळं पाठ हिला. म्हातारीचे पाय उचलायचे ऱ्हायले. हाडामासाचे डाक्टर तुम्ही, आनि लंगड्या बाईची काठी घरी ठेवून तिला वाचवता! कुनी आडानी असता तर त्यानं आधी काठी घेतली असती.

अलिना : मला आठवलं होतं.

नीराबाई : काय?

अलिना : वॉकर. म्हसळ्याच्या पुढे गेल्यावर आठवलं. पोरं गाणी म्हणत होती, सर पुढे बसलेले. बस थांबवा म्हणायला मी उठलेसुद्धा. मग वाटलं, सगळे हसतील. बसले खाली. त्यानंतरचे दोन मंगळवार आलेच नाही, परीक्षेचं कारण सांगून. मला तुमच्यासमोर यायची भीती वाटत होती.

तबरेज : तू मला पण नाही बोललीस.

अलिना : तू सगळ्यात आधी हसला असतास.

नीराबाई : ...चल, एक तरी खरं बोललीस. त्या पेपरात असला सवाल घाला म्हनावं.

तबरेज : आजी, खरंच टाइम नाहीये. रस्त्यावर पाणी आलं की रिक्षा पण नाही जाणार. मी उचलतो तुम्हाला, दोन मिनिटांत...

नीराबाई : हात लावशील तर वॉकर डोक्यात घालीन. ते हातात काय हाय तुझ्या?

तबरेज : फॉर्म. कोणाकोणाला हलवलं त्याचा. नाव, वय, घर सोडल्याची वेळ, सही.

नीराबाई : आनि परत आनल्याची?

तबरेज : तो कॉलम... नाहीये.

नीराबाई : असनार कसा. तुमच्यात मानूस नुसता न्यायचाच असतो. अलिना, पेन घे. फॉर्मच्या मागं लिही.

अलिना : काय लिहू?

नीराबाई : परत कोन आननार त्याचं नाव. नुसतं ‘अलिना’ नको, पुरं लिही.

अलिना : अलिना अब्दुस्समद... लिहिलं.

नीराबाई : कवा आननार?

अलिना : वादळ कधी जाईल ते कुणालाच माहीत नाही, आजी.

नीराबाई : वादळाची वेळ न्हाय इचारली मी. तुझी इचारली.

अलिना : रस्ता उघडला की पहिल्या रिक्षेनं. तोवर मी शाळेतच राहते, तुमच्याजवळ. बस गेली तरी.

तबरेज : सर नाही म्हणतील.

अलिना : म्हणू देत. या वेळी मी उठून परत खाली बसणार नाही.

नीराबाई : तबरेज, तू उभाच? तो वॉकर घे. रिक्षात ठेवू नको, पायरीवर ठेव, माझ्यासमोर. तुमच्या टॉपरनंच शिकवलंय मला. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. आठ महिने घोकून घेतलंय.

तबरेज : ठेवला. बरोबर आहे ना असा?

नीराबाई : उलटा हाय, शान्या. फिरव.

तबरेज : सॉरी. आता?

नीराबाई : आता बाजूला व्हा दोघं. दोन पायऱ्या हायत.

अलिना : हात देऊ, आजी?

नीराबाई : पडले तर दे.