तीनशे शब्दांत कुटुंब

"आजी, तीनशे शब्द सांगितले होते. तुम्ही अकराशे लिहून आणले!"

"इथं आजी म्हणू नका, सर. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहो. अन् मोजत काऊन बसले? वाचाचं होतं."

अभ्यासकेंद्रावर आमची अशी जुंपली होती, बायांनो. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकलेली बाई मी, एक शब्द कमी करणार नव्हते. पण स्वाध्याय जमा करायचा तो शेवटचा दिवस होता, आणि तो घेतला नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. प्रश्न होता, 'आपल्या कुटुंबाची माहिती लिहा.' मी सगळ्यांबद्दल लिहिलं होतं. सासूची तंबाखूची डबीसुद्धा सोडली नव्हती.

सरांनी लाल पेन काढला. "सासू-सासरे आहेत?"

"गेले."

दोन पानं खोडली. "मालक?"

"तेही गेले."

आणखी एक पान गेलं. "मुलं?"

"एक पुण्याले, दोघं सुरतेले. दिवाळीले येतो म्हणतात."

"म्हणजे त्यांची कुटुंबं वेगळी झाली. आता घरात राहतात तेवढीच माणसं ठेवा, बरोबर बसतील तीनशेत."

मी त्यांच्याच हातातला पेन घेतला, कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली आणि त्यांच्यापुढे सरकवली. 'माझ्या घरात मी एकटी राहते.'

"हे पाच शब्द झाले, सर, बाकीच्या दोनशे पंच्याण्णवांत कोणाले बसवू, ते आता तुमीच सांगा."