चिमे, तुझ्या तक्रारी घेऊन ये

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… कोण, चिमी? अगं बाई! बहीण आहे की गेली ते बघायला फोन केलास होय?

आहे गं, आहे. गुडघा सोडला तर बाकी सगळी शाबूत आहे. जीभ तर नव्यासारखी.

बोल.

…हो.

…हो, हो… अगं हो, खरं आहे. आमच्या थोरलीला नेलं होतं दाखवायला.

नाही, ताप नाही. पोटही नाही… मनाच्या डॉक्टरीणबाई असतात ना, त्यांच्याकडे. तुला कुणी सांगितलं?… थांब, मीच सांगते. आमच्या ह्यांनी! हो ना? भाजी घेताना भेटले असतील. घरात दिवसभर तोंडातून अक्षर काढत नाहीत, आणि बाहेर मेहुणी दिसली की बातम्या सुरू.

…काय म्हणालीस? ‘या वयात’?

हो, या वयात. चाळिशीला चष्मा लागला की आपण डॉक्टरला म्हणतो का, अहो, शाळेत असताना का नाही लागला, आता मी नाही घालत जा?

…ऑटिझम… ऑ, टि, झम… हो, तोंडात बसायला वेळ लागतो. मला दोन दिवस लागले, तुला आठवडा लागेल.

…अगं, तो कुणाचा कुणाला लागत नाही! आणि फोनवरून तर अजिबातच नाही. कानापासून लांब धरू नकोस, नीट बोल.

…रोग नाही म्हणतेय ना… अगं ऐक ना, माझं मला सांगू दे. घडण असते एकेकाची, जन्मापासूनची. आपल्याला पंख्याचा आवाज ऐकूही येत नाही, तिला तो डोक्यात ड्रिल चालल्यासारखा येतो. आपण हसतखेळत खोटं बोलतो, तिला ते जमत नाही… तुला जमतं, मला माहीत आहे.

…हां, तोच तो, मराठीत स्वमग्नता म्हणतात. थोरलीला सांगितलं तर म्हणाली, ‘मी कसली मग्न? मला एकाच वेळी सगळंच ऐकू येतं, तीच तर पंचाईत आहे.’

…‘लहान मुलांना असतं ते’? मग ती लहान मुलं पुढे जातात कुठे गं? हवेत विरतात? तिथे बाकावर एक आजोबा बसले होते. हिला वाटलं, नातवाला घेऊन आले असतील. तर नंबर त्यांचाच!

थांब एक मिनिट… थोरले! कुकर होत आलाय गं! बंद करतेय! शिट्टी नाही होऊ देत!… हां, बोल.

…ओरडत नाहीये, सांगतेय तिला… का म्हणजे? शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचा, आणि मिक्सर लावायच्या आधी हाळी द्यायची. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे… तुमच्याकडे नाही देत? मग माणसं दचकत नाहीत?

…बरं बाई, आम्हीच वेडे.

…आत्ताच का काढलं म्हणजे? हौस आली म्हणून! अगं, ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची, माहीत आहे ना तुला? काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. तिने बसवलेली काच कधी परत आली नाही. मालक म्हणायचा, ही आहे म्हणून मला झोप लागते. आता मालक थकला आणि त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला. त्याला वाटलं, एवढी जुनी बाई अंधारात कशाला ठेवायची? पुढे आणू. बढती दिली गं! कौतुकच केलं! काउंटरवर उभी केली. डोक्यावर ढीगभर दिवे, कानाशी गाणी.

…बोलते काय गिऱ्हाइकांशी? खरं बोलते! माणूस आरशात बघून विचारतो, ‘कसा दिसतोय मला?’ ही म्हणते, ‘वाईट.’

…हसू नकोस!… हस बाई, मीही हसले. एका बाईंना म्हणाली, ‘फ्रेम बदलता येईल, नाकाला काही करता येणार नाही.’… लागेल असं काय, खोटं होतं का? ओळखते मी त्या बाईंना. आधी नाक आत येतं, मग त्या.

तर एक दिवस गाणी चालू, मागे मशीन चालू, आणि समोर सगळी माणसं एकदम बोलायला लागली… ही काउंटरखाली जाऊन बसली. कान गच्च दाबून. आणि गिऱ्हाइकं वाकून वाकून बघतायत.

…थांबलीस हसायची? बरं केलंस.

मालकाचा मुलगा म्हणाला, घरी जा, बरं वाटलं की या. बरं कशाने वाटणार? काउंटर तर तिथेच आहे. तेव्हापासून आतल्या खोलीत आहे. कामापुरतं बोलते, तेही रोज नाही. डॉक्टरीणबाई तिच्या तिनेच शोधल्या. मला म्हणाली, ‘आई, सगळे मला हट्टी म्हणतात. मी हट्ट कधी केला तेच मला आठवत नाही. मी अशी का आहे ते एकदा कळू दे.’

…हं.

…अगं, त्याचा उपयोग आहे म्हणून तर! बाईंनी तपासून तसं लिहून दिलं, तर मालकाचा मुलगा मागची खोली परत द्यायला तयार आहे. स्वतः म्हणालाय. नाहीतर तो त्या जागेवर दुसरं माणूस घेणार. मग ही कुठे जाईल सांग… तुझ्याकडे? बघ हं, मी पाठवीन.

देतील गं लिहून, पण आमच्या ह्यांनी घोळ घातला ना!

माझा गुडघा धरला होता, म्हणून बरोबर हे गेले. बाईंनी विचारलं, लहानपणी हिला आवाजाचा त्रास व्हायचा का? हे म्हणाले, छे! कसा होईल? दारावरच्या बेलची तार यांनी स्वतःच्या हाताने काढून ठेवलीय! कपडे टोचायचे का? छे! टोचतील कुठून, कपडा घरात आला की आधी मी मानेवरचं लेबल कापते. जेवणाची काही तक्रार? मुळीच नाही! तिच्या ताटात एकाला दुसरं लागू नये म्हणून मी कशी वाढते ते यांना दिसतच नाही, कारण यांचंही ताट मी तसंच वाढते!

…हो ना! आणि वर म्हणतात, ‘डॉक्टर, तुम्ही जे जे विचारताय ते सगळं मलाही होतं. त्यात विशेष काय?’

…अगं, बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, ‘काका, तुम्हीही एकदा येता का?’ सत्तरीला टेकलेला माणूस, मुलीला दाखवायला गेला आणि स्वतःचा नंबर लावून आला!

…रागावतील कशाला? खूश आहेत! म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नीट प्रश्न विचारले. मी संसार सुरू झाल्यापासून विचारतेय, ते काय होतं मग?

…असू दे, त्यांचं मागाहून बघू. आधी थोरलीचं. थोरलीने मग बेलचं, लेबलाचं सगळं सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, तुमच्या घराने हिचा सगळा त्रास आधीच बाजूला करून ठेवलाय, मग मला तो दिसणार कुठे? लहानपणी हिला घराबाहेर सांभाळलेलं कुणी आहे का? असेल तर उद्या घेऊन या.

…

ऐकतेयस ना?

मी जातेय उद्या, गुडघा गेला खड्ड्यात. पण मी पडले आई. तिच्याविरुद्ध बोलायची माझ्या जिभेला सवयच नाही. त्याला तूच पाहिजेस.

…तूच का म्हणजे? धाकट्याच्या वेळी मी दवाखान्यात अडकले, तेव्हा ती कुणाकडे होती? तुझं नवीन लग्न, खाली पत्रे ठोकायचं दुकान… आठवतंय? आठवतंयच, तू विसरू कुठे देतेस! कुणाच्याही लग्नात जा, कुठल्याही पंगतीला बस, शेजारच्या माणसाला तुझं सुरू. पोरगी दिवसदिवस जेवली नाही. केस विंचरू दिले नाहीत. पाहुण्यांसमोर फ्रॉक काढून फेकला. बटणांचा डबा ओतून रांगा लावायची आणि कुणी हात लावला की किंचाळायची. आणि शेवटी काय? ‘आमच्या अक्काने लाडावून ठेवलीय!’

…म्हणतेस! माझ्या मागे म्हणतेस आणि मला पुढे ऐकू येतं!

तर चिमे, इतकी वर्षं मी तुझं तोंड बंद करत आले. आता म्हणतेय, उघड. जे गावभर सांगितलंस तेच उद्या डॉक्टरीणबाईंना सांग. एक शब्द गाळू नकोस. फक्त ते लाडावण्याचं तेवढं गाळ… बरं, तेही सांग! सांग! बाई बघून घेतील.

…आता हे मुलाकडचे कुठून आले मध्येच?

…हं.

…हं. म्हणजे तुझ्या लेकीचं जमत आलंय, आणि मावशीची मुलगी असल्या डॉक्टरकडे जाते हे कळलं तर ते लोक फिरतील. आणि तू तिथे बाकावर दिसलीस तर संपलंच. असंच ना?

अगं, त्या मुलाने तुझ्या घरी, सगळ्यांदेखत, चहातली साय बोटाने काढून बशीला पुसली. ते आपण चालवून घेतलं. त्यांनी माझी मुलगी चालवून घेऊ नये? आणि नसतील घेत, तर बरंच झालं, आधी कळलं.

…टोमणा नाही मारत. मारला असता तर तुला लागला असता.

…

येणार की नाही, एवढं बोल.

…विचार करतेस? कर.

…

चिमे, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलंय का?… साखर? ती परत केली होती!

हे मागतेय. ये.

…

काय?… नीट सांग, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस.

…कपाटात?

…पांघरुणांच्या कपाटात? आपली आपण जाऊन बसायची?… पत्रे ठोकायला लागले की. हं… आणि तू?

…

बाहेर. दाराला पाठ लावून.

…रोज?… आणि सासूबाई? त्या काही बोलल्या नाहीत?… पोरीला बाहेर काढ म्हणायच्या, आणि तू सांगायचीस, किल्ली सापडत नाही… अगं, नवी सून तू. केवढं बोलल्या असतील तुला.

…ती आतून बटणं मोजायची. मोठमोठ्याने. आणि तू?

…तू बाहेरून ‘हं’ म्हणायचीस.

…

आहे गं, फोनवरच आहे.

मग हे कधी बोलली नाहीस ती? फ्रॉकचं शंभरदा सांगितलंस, हे एकदाही नाही?

…‘त्यात सांगण्यासारखं काय होतं’ म्हणे! बघा! मला वाटायचं, तुझ्या पोटात काही म्हणून राहत नाही.

…नाही, नाही, काही म्हणत नाहीये. परत सांग. ऐकू आलं गं, तरी परत सांग.

…

हं.

उद्या हे आधी सांगायचं. फ्रॉक मागाहून.

…सकाळी. गाडी घेऊन मीच येते तुझ्या दाराशी. आणि तयार राहा, नाहीतर मला जिना चढायला लावशील आणि वर म्हणशील, अक्काच उशिरा आली.

…आत्ता? नाही बोलायची ती फोनवर… बरं, विचारते, धर. थोरले! मावशी आहे गं! उद्या आपल्याबरोबर येतेय!

…

…चिमे.

अगं, ती बाहेर आली… दारात उभी आहे. सगळं ऐकत होती वाटतं. विचारतेय… थांब… विचारतेय, मावशीचं ते कपाट अजून आहे का?

…आहे?… थोरले, आहे म्हणतेय गं मावशी!… काय? थोरले, मावशी विचारतेय, त्यात आता तू मावशील का?… हसली, चिमे. हसली ती… हो, खरंच.

…बास, बास, तू आता सुरू करू नकोस. मला पानं वाढायचीत, दोन ताटं वेगळी वाढायची म्हणजे वेळ लागतो. ठेव फोन.

…नाही, तूच ठेव आधी. मी ठेवला की जगभर सांगशील, अक्काने फोन आपटला.

…

ठेव ना गं!

…ठेवला वाटतं. हॅलो?